तो इथे झोपला नव्हता

म्युनिकमधलं घरभाडं परवडेना म्हणून आम्ही शहराच्या उत्तरेला सरकत गेलो. आधी एस-बानचं, म्हणजे तिकडच्या लोकलचं एक स्टेशन, मग दोन, असं करत उंटरश्लाइसहाइमही मागे पडलं. शेवटी जिथे एस-बान सोडून बस धरावी लागते अशा एका गावात, जुन्या गास्टहोफच्या मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. माझं ऑफिस उंटरश्लाइसहाइमलाच होतं, म्हणजे मला सोयीचं. नवरा सोमवार ते गुरुवार ड्रेस्डेनला, तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात मशीन बसवायच्या कामावर. त्यामुळे घर कुठे आहे याच्याशी त्याचा तसा संबंध नव्हता.

आमच्या खाली पूर्वी घोडे बांधत. आता तिथे बीअरचे रिकामे क्रेट, घडीची टेबलं आणि मालकीणबाईंची मोटार असायची. गास्टहोफ म्हणजे खाली जेवणघर, वर राहायच्या खोल्या. हा पिवळ्या रंगाचा, जाड भिंतींचा होता आणि त्याच्या दारावर लोखंडी नक्षीत टपालाचं शिंग लटकत होतं. रेल्वे यायच्या आधी म्युनिकहून उत्तरेला जाणारी टपालाची घोडागाडी इथे थांबायची. घोडे बदलायचे, टपालाच्या पिशव्या उतरायच्या, चढायच्या, प्रवासी पाय मोकळे करायचे.

मालकीणबाई पंचाहत्तरीच्या होत्या. खानावळीच्या मालकिणीला तिकडे विर्टिन म्हणतात आणि अख्खं गाव त्यांना तेवढंच म्हणायचं, म्हणून आम्हीही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकघर त्या स्वतः बघत आणि भाडेकरूंवरही तशीच नजर ठेवत. रविवारी, खाली जेवणाऱ्यांची गर्दी असताना, मी फोडणी दिली की सोमवारी त्या मला जिन्यात गाठून शनिवारी फोडणी द्यायला काय हरकत आहे, असं विचारत.

या गास्टहोफची सगळी शान तीन नंबरच्या खोलीत होती. खोलीबाहेर पितळी पाटी होती. एक जगप्रसिद्ध संगीतकार प्रवासात अमुक तारखेला या खोलीत झोपला होता, असं तिच्यावर कोरलेलं. त्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याचे चाहते फार हळवे असतात. आत कोरीव काम केलेला एक पलंग होता. विर्टिन पाहुण्यांना तिथे नेऊन आवाज खाली आणत आणि पाहुणे पलंगाच्या लाकडाला बोट लावून येत. एक जपानी जोडपं तर तिथे डोळे मिटून उभं राहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

मे महिन्यात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी थांबल्या होत्या. बाबा सातारा जिल्ह्यात पोस्टमास्तर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हातात कुठलंही पाकीट आलं की आधी शिक्का वाचणार, मग पत्ता, आणि आतला मजकूर वाटलं तर.

पहिला आठवडा त्यांनी एस-बानचं वेळापत्रक तपासण्यात घालवला. ती उशिरा येते हे बघून त्यांना मनापासून समाधान वाटलं. दुसऱ्या आठवड्यापासून ते गास्टहोफच्या अंगणात, चेस्टनटच्या झाडाखाली कॉफी घेऊन बसायला लागले. आसपासच्या टेबलांवरची म्हातारी मंडळी त्यांच्याशी बोलायची. बाबांना जर्मन येत नव्हतं, पण एक शब्द त्यांनी उचलला होता. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. समोरचा बोलायचा थांबला की बाबा गंभीरपणे मान हलवून "गेनाऊ" म्हणत. समोरच्याला वाटायचं, इतक्या दिवसांनी कुणीतरी आपलं ऐकून घेतलं. महिन्याभरात गावातले निम्मे म्हातारे बाबांच्या टेबलावर असायचे.

एका शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर बाबा म्हणाले, उद्या सकाळी दहाला आपल्याला अग्निशमन दलाच्या इमारतीत जायचंय.

मी विचारलं, कशाला?

"ते मला कळलं नाही," ते म्हणाले, "पण मी हो म्हटलंय."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गावाच्या इतिहासाचा एक फेराइन, म्हणजे मंडळ होतं. लॅटिन शिकवून निवृत्त झालेले एक उंच, सडपातळ मास्तर त्याचे अध्यक्ष. गास्टहोफचा मोठा वाढदिवस ऑगस्टमध्ये होता आणि त्यासाठी मंडळ एक पुस्तिका काढत होतं. विर्टिननी त्यांना सांगितलं की भारतातून आलेले गृहस्थ पोस्टमास्तर होते. अध्यक्षांनी बाबांना विचारलं, आमच्याकडे घोडागाडीच्या काळातले टपालाचे कागद आहेत, ते समजून घ्यायला मदत कराल का? बाबा म्हणाले, गेनाऊ. दर शनिवारी येणं जमेल का? गेनाऊ. सूनबाई दुभाषी म्हणून येतील ना? त्यालाही गेनाऊ.

अशा रीतीने माझे शनिवार गेले.

अग्निशमन दलाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर गास्टहोफच्या माळ्यावरून आलेली खोकी ठेवलेली. विर्टिनचे यजमान गेल्यावर छत दुरुस्त करायला काढलं, तेव्हा हे कागद मंडळाकडे आले होते. लिपी जुनी, आजच्या जर्मन माणसालाही न वाचता येणारी. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच. अध्यक्षांना मात्र ती यायची. ते मोठ्याने वाचत, मी मराठीत सांगे, बाबा ऐकत.

पहिल्या शनिवारी बाबा फक्त ऐकत होते. दुसऱ्या शनिवारी एक छापील तक्ता निघाला. गाडी कुठल्या ठाण्यावर किती वाजता आली, किती वाजता निघाली, कुणाची सही. बाबांचा चेहरा उजळला. असला कागद वाचायला भाषा लागत नाही, ते म्हणाले, टपालाच्या पिशवीबरोबर वेळेचा कागद जगात सगळीकडे जातो. मग ते वाठार स्टेशनवरून महाबळेश्वरला जाणाऱ्या टपालाच्या टांग्याबद्दल बोलायला लागले. त्याचेही घोडे टप्प्याटप्प्यावर बदलायचे, असं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. मी भाषांतर केलं आणि अध्यक्षांनी वही काढली.

अध्यक्षांना एक कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. घोडे बदलायला दहा मिनिटं लागायची. आजूबाजूच्या ठाण्यांवर गाडी दहा-पंधरा मिनिटांत निघायची. आमच्या गावात मात्र दुपारची गाडी रोज चाळीस मिनिटं थांबायची. अध्यक्षांच्या मते गावाबाहेरचा रस्ता खराब असणार, चाकं तपासावी लागत असणार. या विषयावर त्यांनी मंडळाच्या वार्षिकात लेखही लिहिला होता.

बाबांनी तक्ता दोनदा खालीवर पाहिला. म्हणाले, याचा रस्त्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे एसटी ज्या हॉटेलावर थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट असतं, हे यांना सांग.

मी सांगितलं. अध्यक्ष नाराज झाले. लॅटिनच्या मास्तरांना एवढं साधं उत्तर पटत नाही. पण पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच एक पत्र शोधून आणलं. म्युनिकच्या टपाल कचेरीने गास्टहोफच्या मालकाला लिहिलेलं. गाडीवानाला बीअर पाजून टपाल खोळंबवू नये, अशी सक्त ताकीद त्यात होती. त्याखालीच नंतरच्या तारखेचं दुसरं पत्र होतं, त्यात तीच ताकीद, जरा जास्त सक्त. शिवाय एका प्रवाशाची तक्रारही निघाली. इथलं सूप इतकं कढत वाढतात की ते निवेपर्यंत गाडीवान शिंग फुंकतो, आणि न प्यायलेलं सूप परत पातेल्यात जातं, असा त्याला संशय होता. बाबा म्हणाले, मग चाळीस मिनिटंही पुरत नव्हती म्हणायची. ते पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

त्या दिवसापासून अध्यक्ष बाबांना हेर पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टमास्तरसाहेब, म्हणायला लागले, आणि बाबा रोज दाढी करायला लागले.

जुलैच्या पहिल्या शनिवारी आम्ही संगीतकाराच्या कागदांपाशी आलो. पुस्तिकेचं हेच मुख्य प्रकरण होणार होतं. अध्यक्षांनी इथली आणि पुढच्या ठाण्याची प्रवाशांची यादी वाचली, दोन्हींत खरंच त्याचं नाव होतं. तारीखही पाटीवरचीच. मग त्यांनी त्याच दिवसाचा वेळेचा तक्ता उचलला, गाडीवानाचं नाव वाचलं, हवामानाबद्दलचा शेरा वाचला, आणि कागद पालथा ठेवला.

बाबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "यांनी वेळ वाचली नाही."

मी म्हटलं, राहिली असेल.

"राहिली नाही. टाळली. अकराला आली, सव्वाअकराला निघाली. आकडे मला कळतात. पुढच्या ठाण्याच्या यादीतही त्याचं नाव आहे, ते आत्ताच यांनी वाचलं. तो माणूस इथे झोपला नव्हता."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहत विचारलं की हेर पोस्टमास्टर काय म्हणतात.

माझ्या डोळ्यांसमोर तीन नंबरची खोली आली, ते जपानी जोडपं आलं आणि आमचा भाडेकरार आला. मी म्हटलं, अक्षर फार सुंदर आहे म्हणतात.

अध्यक्ष म्हणाले, गेनाऊ.

घरी आल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. मी खोटं भाषांतर केलं हे त्यांना कळलं होतं, कारण मी बोललेलं वाक्य फार आखूड होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले की उभ्या नोकरीत मी शिक्क्याची तारीख एक दिवससुद्धा पुढेमागे केली नाही, एकदा आमदाराचा माणूस येऊन बसला होता तरी नाही. आता या वयात माझं नाव असलेल्या पुस्तिकेत चुकीची नोंद जाणार असेल तर ते मला चालणार नाही.

मी म्हटलं, बाबा, आपण त्यांचे भाडेकरू आहोत.

"म्हणून तर आधी त्यांना सांगायचं. घर त्यांचं आहे. मंडळाला नंतर."

मी नवऱ्याला ड्रेस्डेनला फोन केला. तो शनिवारीही कारखान्यात अडकला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नवीन घर शोधायला सुरुवात करू का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, आम्ही खाली गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सासूबाईंनी पाठवलेल्या चकल्यांचा डबा बरोबर घेतला होता. वाईट बातमी रिकाम्या हाताने देऊ नये असं त्यांचं मत. विर्टिन स्वयंपाकघराच्या दाराशी बटाटे सोलत होत्या. बाबा मराठीत सांगत गेले आणि मी जर्मनमध्ये, या वेळी शब्दाला शब्द. गाडी अकराला आली. सव्वाअकराला गेली. सकाळचे अकरा.

विर्टिननी हातातला बटाटा पूर्ण सोलला. सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता घर सोडायची नोटीस येणार.

त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग इतक्या मोठ्याने की भांडी घासणारी बाई बघायला आली. डोळे पुसत त्यांनी खुर्च्या ओढायला सांगितलं.

सगळी कामगिरी त्यांच्या यजमानांची होती. मोटारींचा नवा महामार्ग झाला आणि गावातून कुणी जाईनासं झालं. घोडागाडी तर रेल्वेने आधीच मारली होती, आता उरलेले ट्रकवालेही गेले. अशात पलीकडच्या गावातल्या गास्टहोफने पाटी लावली की एका राजाने इथे हरणाचं मांस खाल्लं. यजमान चिडले. ते माळ्यावर चढले आणि दोन दिवस कागद उपसत बसले. प्रवाशांच्या यादीत ते नाव सापडलं तेव्हा त्यांनी वरूनच हाक मारली होती. नाव खरं होतं, तारीख खरी होती. झोप तेवढी त्यांनी पदरची घातली.

पलंगाचं काय, असं बाबांनी विचारलं.

पलंग जुन्या बाजारातून आणलेला. आणखी जुना दिसावा म्हणून यजमानांनी पोटमाळ्यावर नेऊन त्याला साखळीने थोडं ठोकलं, चहाचं पाणी लावलं. विर्टिन पलंगाचा पाय धरून उभ्या होत्या. "आमचं नवीन लग्न झालं होतं," त्या म्हणाल्या. "इतकी मजा नंतर कधी आली नाही."

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवरा होता तोवर पाहुणे खोलीतून बाहेर पडले की दोघं स्वयंपाकघरात येऊन हसत. तो गेल्यावर एकटीने हसता येईना. पण पाहुणे येत राहिले, त्या आवाज खाली आणून सांगत राहिल्या, आणि हळूहळू ते सांगणं नुसतं काम झालं. शेवटी शेवटी त्या खोलीत जायचाच कंटाळा यायला लागला होता. अडचण एकच होती. अध्यक्ष. ते बिचारे दर वर्षी त्या पलंगाशेजारी उभं राहून भाषण करतात. त्यांना कसं सांगायचं?

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "अध्यक्षांना ठाऊकच आहे, असं सांग यांना."

विर्टिन उठल्या, ओल्या हातानेच फोन लावला आणि अध्यक्षांना ताबडतोब यायला सांगितलं. ते सायकलवरून पाच मिनिटांत आले. टेबलाशी आम्ही तिघं आणि मध्ये चकल्यांचा डबा बघून ते दारातच थांबले. विर्टिननी विचारलं की गाडी किती वाजता निघाली होती. मास्तर कानांपर्यंत लाल झाले. त्यांनी वीस वर्षं शाळेतल्या पोरांना कॉपी करताना पकडलं असेल, आज त्यांची पाळी होती.

खोकी मंडळाकडे आली त्याच वर्षी त्यांना तो तक्ता सापडला होता. पण विर्टिनचे यजमान त्यांचे पत्त्यांच्या डावातले जोडीदार, नुकतेच गेलेले. विर्टिनचा त्या गोष्टीवर जीव आहे, नवऱ्याची तेवढी एक आठवण आहे, ती आपण कशी मोडायची, म्हणून त्यांनी तो कागद खोक्याच्या तळाशी ठेवला. दर वर्षी भाषणातलं झोपेचं वाक्य आपण घाईने उरकतो, असं त्यांनी कबूल केलं. या वर्षी पुस्तिकेसाठी तो बाहेर काढावा लागला, तरी वरवर वाचून पुढे सरकायचा विचार होता. टपालखात्यातला माणूस समोर बसला असताना तो बेत फसणार हे त्यांना कळायला हवं होतं.

विर्टिननी डब्यातली सगळ्यात मोठी चकली काढून त्यांच्या हातात दिली.

बाबा म्हणाले, "मग या गावात ते खरं कोण मानतंय, विचार."

मी विचारलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. भांडी घासणारी बाई दारातूनच म्हणाली की निदान ती तरी नाही, पलंगाच्या खालच्या फळीवर कारखान्याचा शिक्का आहे, ती दर आठवड्याला पुसते.

पाटीचं काय करायचं यावर तिथेच खल झाला. अध्यक्षांचं म्हणणं, गुपचूप काढून टाकावी. विर्टिन म्हणाल्या, भिंतीवर डाग दिसेल. बाबांचं मत सरळ होतं. जे घडलं ते लिहावं, वेळेसकट. अध्यक्षांनी मजकूर तयार केला, विर्टिननी त्यातली तीन लॅटिन वळणाची वाक्यं खोडली, आणि ऑगस्टच्या समारंभात, बँडच्या गजरात, नव्या पाटीवरचा कपडा काढला गेला. तो संगीतकार सकाळी अकराला आला, सव्वाअकराला निघाला, इथे तो झोपला नव्हता, सूप त्याने घेतलं की नाही याची नोंद नाही. आधी मागच्या टेबलावरचं कुणीतरी हसलं, मग सगळं अंगण हसायला लागलं. खूप जणांना आधीपासून शंका होती असं नंतर कळलं. प्रत्येक जण दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प होता.

बाबांना बोलायला उभं केलं. ते दोनच वाक्यं बोलले. टपाल वेळेवर पुढे गेलं हे महत्त्वाचं. प्रवासी कुठे झोपला ते त्याचं त्याने बघावं. मी भाषांतर केलं तेव्हा बँडवाल्यांनी ढोल वाजवला.

पाहुणे कमी होतील ही माझी भीती फुकट गेली. इथे कोण झोपला होता असं सांगणारे गास्टहोफ बव्हेरियात पैशाला पासरी आहेत. कोण झोपला नव्हता हे सांगणारा हा एकच. लोक पाटीसमोर उभे राहून फोटो काढतात. पलंग विर्टिननी स्वतःच्या खोलीत नेला आणि त्यावर नवी गादी टाकली. इतकी वर्षं परकी माणसं हात लावून जात होती, आता मी झोपते, म्हणाल्या. पलीकडच्या गावच्या मालकांना लोक आता राजाच्या हरणाबद्दल कागद मागतात, आणि ते हल्ली आमच्या अंगणात बीअर प्यायला येत नाहीत.

समारंभ आटोपताच बाबा परत गेले. निघताना अध्यक्षांनी त्यांना बव्हेरियाच्या टपालावरचा एक जाडजूड जुना ग्रंथ दिला. सामानात वजन बसेना म्हणून बाबांनी तो साताऱ्यापर्यंत मांडीवर नेला. तिथे गेल्यावर त्यांनी चौकशी केली, तर जर्मनीला नर्स म्हणून जाणाऱ्या मुलींसाठी एक बाई जर्मनचा वर्ग घेतात असं कळलं. बाबा आता आठवड्यातून तीन दिवस त्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात. मुली त्यांना आजोबा म्हणतात आणि त्यांच्याकडून शब्दांचे अर्थ पाठ करून घेतात. त्यांचा गृहपाठ फोटो काढून माझ्याकडे तपासायला येतो. क्रियापदं बरी आहेत, नामांची लिंगं सगळी चुकतात. डिसेंबरात परीक्षा आहे, आणि बाईंनी त्यांना बजावून ठेवलंय की तोंडी परीक्षेत नुसतं गेनाऊ म्हणून भागणार नाही.